पाच वाजताचं गिऱ्हाईक

जऊळक्याच्या आमच्या स्टेशनरोडवर एक कुत्रा राहायचा. एका पर्युषणात त्याने आठ दिवसांचा कडकडीत उपास केला आणि त्या आठ दिवसांत त्याचं वजन वाढलं. तुम्ही हसाल, पण हा चमत्कार मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आहे, आणि त्या तपस्व्याचा हार घातलेला फोटो माझ्याच स्टुडिओत निघाला आहे. कुत्र्याचं नाव मांजरपाट. मालकाचं नाव हस्तीमलकाका. गोष्ट काकांचीच आहे. कुत्रा फक्त दोन पावलं पुढे चालतो, तसा तो नेहमीच चालायचा.

काकांचं कापडाचं दुकान माझ्या स्टुडिओच्या अगदी समोर होतं. नाव हस्तीमल, पण देह असा की कापडाचं थान उचलताना थानानेच त्यांना उचललं की काय वाटावं. पांढरा सदरा, पांढरा पायजमा आणि खिशात कापूर ठेवलेला रुमाल. घराणं कितीतरी पिढ्यांपूर्वी मारवाडातून आलं होतं, पण काकांची वऱ्हाडी ऐकून रिठदचा शेतकरीही मान डोलवायचा.

कापड विकण्याची त्यांची तऱ्हा अशी की ते विकायचेच नाहीत. एखादी बाई साडी हातात घेऊन उभी राहिली की काका तिचा पदर दोन बोटांत चुरगाळून कानाशी न्यायचे, डोळे मिटायचे आणि गंभीरपणे सांगायचे, "नाई म्हनते."

"कोन नाई म्हनते जी?"

"साडी. तुमच्या अंगावर येत नाई म्हनते. ते जांभळी पाहा, ते केव्हाची तुमच्याकडं पाहून राह्यली."

बाई हसायची आणि जांभळी घेऊन जायची. काका कात्री फक्त काठाला टोचण्यापुरती वापरत. पुढचं काम हातानं. टर्रर्र असा आवाज व्हायचा आणि तो माझ्या डार्करूमपर्यंत ऐकू यायचा. गादीच्या टोकाला झोपलेल्या मांजरपाटाचे दोन्ही कान त्या आवाजासरशी ताठ उभे राहायचे. डोळे मात्र मिटलेलेच. मग कान हळूहळू खाली यायचे आणि काका गिऱ्हाईकाला सांगायचे, "माप बराबर हाय. पाट्यानं पास केलं."

कापडाच्या गाठीवरच्या फाटक्या गोणपाटात कुठून तरी आलेलं ते पिल्लू कोऱ्या मांजरपाटाच्या, त्या जाड्याभरड्या कापडाच्या, मळकट पांढऱ्या रंगाचं होतं, म्हणून हे नाव. कुणीतरी म्हणालं, "काका, कुत्र्याच्या नावात मांजर काहून घातलं?" काका म्हणाले, "त्याले कुठी वाचता येते?"

पाट्याचं घरातही मोठं पद होतं. काका आणि काकी एकमेकांशी थेट बोलत नसत. भांडण नव्हतं, सवय होती. सगळा कारभार पाट्यामार्फत चालायचा. आतून काकींचा आवाज यायचा, "पाट्या, दुकानात बसले त्याहिले सांग, वरन थंड होऊन राह्यलं." काका गादीवरून म्हणायचे, "पाट्या, सांग तिले, गिऱ्हाईक गेलं का आलोच." पाट्या दोघांकडे एकदा बघून घ्यायचा आणि काहीच करायचा नाही. तरी निरोप पोचायचा.

काका नेमाचे पक्के. दिवस बुडायच्या आत जेवण, मग डोळे मिटून सामायिकाच्या ध्यानाला बसायचं. कांदा, लसूण, बटाटा घराच्या उंबऱ्यापाशीही येणार नाही. आणि पाट्याही तसाच, अशी काकांची पक्की खात्री. "हा माहा पाट्या चौविहार पाळते. सूर्य बुडला का तोंडाले झाकन," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे.

आता खरं काय ते ऐका. काका डोळे मिटून बसले की पाट्या उठायचा, अंग झाडायचा आणि रस्ता ओलांडून स्टेशनच्या कोपऱ्यावर ताराबाईच्या अंडाभुर्जीच्या गाडीखाली जाऊन बसायचा. तिथे त्याला रोज उकडलेलं अंडं मिळायचं. वर तव्यावर कांदा-मिरची तडतडत असायची आणि हा खाली, धुराच्या आणि तेलाच्या त्या ढगात, एखाद्या मठाधिपतीसारखा पाय पसरून बसलेला. काकांनी डोळे उघडायच्या आत गादीवर हजर. काका त्याला जवळ घेऊन मोठ्या प्रेमाने हुंगायचे. मला एकदा म्हणाले, "फोटूवाले, पाट्याच्या अंगाले एक वास येते पाय. खास. संध्याकाळी तं लईच येते. साबनानं जात नाई. हा त्याचा जन्माचा वास हाय."

मी भिंतीकडे तोंड करून खोकलो.

अख्ख्या स्टेशनरोडला हे माहीत होतं. चहावाला, पानवाला, स्टेशनवरचे हमाल, सगळ्यांना. पण काकांना सांगायला कुणाची जीभ रेटली नाही. काका गाडीच्या बाजूने कधी जातच नसत. जावंच लागलं तर पलीकडच्या कडेने, नाकाला कापराचा रुमाल लावून, मान वळवून. त्यामुळे गुपित टिकलं.

आणि मग ते पर्युषण आलं. आमच्याकडे पजुसण म्हणतात. त्या आठ दिवसांत काकांच्या घरात हिरवी भाजीसुद्धा शिजत नाही. पाट्यापुढे मुगाचं पातळ वरण ठेवलं गेलं. पाट्याने ते हुंगलं आणि मान फिरवली. दुसऱ्या दिवशीही तसंच. काका दुकानातून धावत बाहेर आले आणि रस्त्याच्या मधोमध उभे राहून ओरडले, "पाट्यानं उपास धरला!" तिसऱ्या, चौथ्या दिवशी बातमी मंदिरात पोचली. घरी कुत्रा काही खात नाही हे ऐकून ताराबाई कासावीस झाली आणि तिने एकाची दोन अंडी केली. आठव्या दिवशी पाट्या असा गुटगुटीत दिसत होता की शेजारच्या पानवाल्याने तोंडात उपरणं कोंबलं. काका म्हणाले, "तपाचं तेज हाय."

आठ दिवसांच्या उपासाला अठाई म्हणतात आणि ती करणाऱ्याचं कौतुक होतं. पाट्याचंही झालं. हार घातला, टिळा लावला, माझ्या स्टुडिओत मखमली पडद्यापुढे बसवून फोटो काढला. फोटोत पाट्या जीभ बाहेर काढून थेट कॅमेऱ्याकडे बघतो आहे. इतका निर्लज्ज चेहरा मी माझ्या धंद्यात दुसरा पाहिला नाही. तो फोटो फ्रेम करून गादीच्या वर लागला.

पर्युषणाच्या शेवटच्या दिवशी काका सगळ्या बाजारात हात जोडून फिरायचे. "मिच्छामि दुक्कडम्. वर्षभरात जानता-अनजानता काई चुकलं असन तं माफ करा." चहावाला, पानवाला, मी, माझं स्टुडिओतलं गिऱ्हाईक, रस्त्यात बसलेली बकरी, कुणालाही सोडायचे नाहीत. शेवटी दुकानात येऊन पाट्यासमोर मांडी घालून बसायचे आणि त्याचीही माफी मागायचे. सुटायची ती एकटी ताराबाई. ती मला म्हणायची, "सारा गाव फिरते शेठजी, मलेच काहून सोडते? मी काय त्याहिची दुश्मन हाय? बकरीच्या बी खालची झाली का मी?"

"तुझ्या गाडीचा वास येतो ना बाई."

"बकरीचा येत नाई काय?"



वर्षं गेली. पाट्याचं तोंड पिकलं, चाल मंदावली. एका संक्रांतीनंतर त्याचं पोट एका बाजूने फुगल्यासारखं दिसायला लागलं आणि तो गादीवर चढताना कण्हायला लागला. काकांनी वाशीमहून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. वयाने लहान, पण बोलायला सरळ. त्यांनी पोट चाचपलं, तपासण्या करवल्या आणि दोन दिवसांनी येऊन गादीवर काकांच्या शेजारी बसल्या.

"काका, पोटात गाठ आहे. वाईट आहे. या वयात ऑपरेशन त्याला सोसणार नाही. बरा होणार नाही तो. पण दुखणं कमी ठेवता येईल. या गोळ्या रोज द्यायच्या. मात्र रिकाम्या पोटी चालणार नाहीत. आधी खाणं, मग गोळी."

"अन् खाल्लंच नाई तं?"

"खाणं सुटलं आणि दुखणं आवरेना, तर मग इंजेक्शनचा विचार करावा लागेल. शांतपणे झोपेल. आज ठरवायची गरज नाही."

काका रस्त्याने चालताना मुंग्यांची रांग दिसली तर वळसा घालणारे. पाट्याच्या पाठीवर हात ठेवून नुसते बसून राहिले. आतून काकी म्हणाल्या, "पाट्या, त्याहिले सांग, मी शिरा करून राह्यली."

शिरा झाला. बासुंदी झाली. तूप-पोळी कुस्करून झाली. पाट्या प्रत्येक ताटली हुंगायचा, काकींचं मन राखायला एकदा जीभ लावायचा आणि मान टाकायचा. चालता येत नसल्यामुळे त्याचं कोपऱ्यावर जाणंही बंद झालं होतं. एका दुपारी मी दुकानात गेलो तर काका फरशीवर दोन्ही हात टेकून पाट्याच्या ताटलीतला शिरा खात होते. "वा! काय बनला हाय! पाट्या, संपून राह्यला पाय, मंग म्हनू नोको!" पाट्या त्यांच्याकडे अशा काळजीने बघत होता की डॉक्टरला आता यांनाच दाखवावं. काकांनी वर पाहिलं. ओठाला शिरा लागलेला आणि डोळे भरलेले. "फोटूवाले, हा खात नाई रे. गोळी कशी देऊ? कण्हते रात्रभर. ते इंजेक्शन माह्यानं होनार नाई."

त्या संध्याकाळी चहाच्या टपरीवर आमची सभा भरली. पाट्या काय खाईल हे सगळ्यांना ठाऊक होतं. काकांना सांगायचं कुणी, एवढाच प्रश्न होता. पानवाला म्हणाला चहावाल्याने सांगावं, चहावाला म्हणाला फोटोवाल्याने, आणि मी हमालांकडे बघितलं तर ते मालगाडीकडे बघायला लागले. तेवढ्यात मागून आवाज आला, "पाट्या काहून येत नाई वो इतक्या दिसाचा?" ताराबाई कमरेवर हात देऊन उभी होती. मी तिला सगळं सांगितलं. तिने एक शब्द ऐकून घेतला नाही पुढचा. पदर खोचला आणि सरळ रस्ता ओलांडून काकांच्या दुकानात शिरली. आम्ही सगळे तिच्या मागे, पण पायरीच्या खाली.

काकांचा हात आपोआप रुमालाकडे गेला.

"राहू द्या तो रुमाल, शेठजी. मी आंघोळ करून आली," ताराबाई म्हणाली. "ऐका. तुमचा पाट्या अंडं खाते."



"काय?"

"अंडं. उकडलेलं. माह्या गाडीवर. रोज."

"कधीपासून?"

"एवढुसा होता तवापासून."

काकांनी पाट्याकडे पाहिलं. पाट्याने ताराबाईचा आवाज ऐकून आठवड्यात पहिल्यांदा शेपूट हलवली होती, आणि ती काही थांबत नव्हती. पुरावा आणखी काय हवा! काकांची नजर सावकाश वर गेली, भिंतीवरच्या हारातल्या फोटोवर.

"अन् अठाई?"

"तवा दोन खाये," ताराबाई म्हणाली.

आम्ही पायरीखाली डोळे मिटून घेतले. आता काका कोसळणार, रडणार, नाहीतर तिला हाकलणार. पण आधी एक बारीक आवाज आला, कापड फाटल्यासारखा. मी डोळे उघडले. काका हसत होते. खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तोंडाने "तपाचं तेज! तपाचं तेज!" एवढंच निघत होतं. आतून काकींच्याही हसण्याचा आवाज आला. मग आम्हीही सुटलो. पानवाला तर रस्त्यावरच बसला.

हसणं ओसरलं तेव्हा काका पाट्याचं डोकं मांडीवर घेऊन म्हणाले, "नेम माहा होता. माह्या मापाचा सदरा शिवला अन् घातला त्याले. तो बिचारा कधी म्हनला नाई का हे मले ढिलं होते." मग ताराबाईकडे पाहून, अगदी गिऱ्हाईकाशी ठरवतात त्या आवाजात बोलले, "अंडं माह्या दारात येनार नाई. मी हात लावनार नाई, पाहनार नाई. पाट्याच तुह्या गाडीवर येईन. मी आनीन त्याले. गोळी तू खाऊ घालजो. पन एक शर्त हाय."

"बोला."

"दिवस बुडाच्या आंत."

"अवो शेठजी! माही गाडी तं अंधार पडल्यावर लागते. पाच वाजता अंडं खाले कोन येते?"

"हा येईन," काका म्हणाले. "अंडं खाते तं खाऊ दे. निदान रात्री तं नोको खाऊ."

दुसऱ्या दिवसापासून आमच्या स्टेशनरोडवर जे नाटक सुरू झालं, त्याला तिकीट लावलं असतं तरी लोक आले असते. पाच वाजले की काका कापडाच्या गाठी आणायच्या हातगाडीवर गोधडी घालायचे, तीवर पाट्याला झोपवायचे आणि ढकलत कोपऱ्यावर न्यायचे. एका गिऱ्हाईकासाठी ताराबाईने स्टोव्ह पेटवलेला असायचा. हातगाडी लावली की काका पाठ फिरवून स्टेशनकडे तोंड करून उभे राहायचे, नाकाला रुमाल.

"खाल्लं काय?"

"खाऊन राह्यला."

"गोळी गेली?"

"गेली. पिवळ्यात घालून देल्ली."

"पुरं खाल्लं का अर्धं टाकलं?"

"वळून पाहा ना, शेठजी! लोकाइले वाटन आपलं भांडन हाय."

"मी कापडवाला हाय. मले पाठीनं माप समजते. अर्धं टाकलं त्यानं."

आणि खरंच अर्धं टाकलेलं असायचं. ताराबाई खाली बसून, "खाय रे माह्या राजा, तुहा मालक उन्हात उभा हाय," असं म्हणत उरलेलं भरवायची. पाट्याचं कण्हणं थांबलं. गोळी घेतल्यावर तो गोधडीवर असा ऐसपैस पसरायचा की जणू मिरवणूकच निघाली आहे. परत येताना काका रस्त्यातल्या प्रत्येकाला सांगायचे, "चौविहार मोडला नाई बरं त्यानं." लोकही मान डोलवून म्हणायचे, "नाई मोडला, काका."

होळी झाली तशी पाट्याचं खाणं अर्ध्याचं पाव झालं. एका सकाळी मी चहा घेऊन दुकानात गेलो तर काका त्याच्यासमोर मांडी घालून हात जोडून बसले होते. मला पाहून ओशाळले. "पजुसनाले वेळ हाय फोटूवाले. तवा हा नसन. म्हून आताच उरकून घेतलं." मग पाट्याला म्हणाले, "मिच्छामि दुक्कडम् रे पाट्या. मुगाच्या वरनाची बी माफी."

त्यानंतर चारच दिवस. सकाळची वेळ, दुकानात एक बाई खणाचं कापड घ्यायला आलेली. मी समोर शटर उघडत होतो. टर्रर्र असा आवाज आला आणि मग काहीच नाही. नेहमीचं "पाट्यानं पास केलं" आलं नाही. मी वळून पाहिलं. काका गादीच्या टोकाकडे बघत होते. कान हलले नव्हते. काकांनी जवळचं कापड ओढलं, चांगलं पॉपलीन होतं, आणि काही कारण नसताना ते मधोमध फाडलं, मोठ्याने. कान हलले नाहीत. मग त्यांनी कापड हळूच बाजूला ठेवलं आणि बाईंना म्हणाले, "बसा दोन मिनिटं. माहा हिसोबनीस गेला."

इंजेक्शन लागलं नाही. काकांनी नव्या थानातलं मांजरपाट फाडून त्याला गुंडाळलं आणि स्वतःच्या शेताच्या बांधावर पुरलं. ताराबाई गाडी न लावता तिथे आली होती. लांब उभी राहिली.

कुत्र्यासाठी दुखवटा द्यायला जायची रीत आमच्याकडे नाही, आणि न जाणं तर कुणाला जमेना. त्यामुळे त्या आठवड्यात सगळा गाव काकांच्या दुकानात टॉवेल घ्यायला गेला. माणूस यायचा, टॉवेल मागायचा, रिकाम्या गादीकडे बघून दोन मिनिटं गप्प बसायचा आणि टॉवेल काखेत मारून जायचा. मी स्वतः दोन घेतले. तिसऱ्या दिवशी टॉवेल संपले. मग लोक उपरणी घ्यायला लागले. काका मला म्हणाले, "पाट्यानं जाता जाता धंदा करून देल्ला."

घरात मात्र मोठी अडचण झाली. निरोप्याच गेला, आता बोलायचं कसं? काही दिवस दोघं गप्प. एका दुपारी काका चपला न घालता रस्ता ओलांडून माझ्याकडे धावत आले, चेहरा लाल. "फोटूवाले! तिनं मले सीधी हाक मारली!"

"काय म्हणाल्या?"

"'अवो, जेवाले या' म्हनली."

"मग?"

"मंग काय? घाबरून तुह्याकडं आलो."

मी त्यांना परत जेवायला पाठवलं.

त्याच दिवाळीत काका-काकी मुलाकडे पुण्याला गेले आणि दुकानात आता मोबाइलची कव्हरं लटकतात. पण त्याआधी पर्युषण येऊन गेलं, आणि माझ्या डोळ्यांपुढे काका आहेत ते त्या शेवटच्या संध्याकाळचे. बाजारभर हात जोडून झाले, मी झालो, बकरी झाली. मग ते रस्त्याच्या मधोमध थांबले, रुमाल नाकाला लावला आणि कोपऱ्याकडे चालायला लागले. टपरीवरचे सगळे उठून उभे राहिले.

पाच वाजले होते. ताराबाईचा स्टोव्ह पेटलेला होता. ती वेळ तिने काही बदलली नव्हती. तव्यावर संध्याकाळचा पहिला कांदा आणि पहिलं अंडं पडलं होतं.

काका गाडीसमोर उभे राहिले. या वेळी तोंड तिच्याकडे. "मिच्छामि दुक्कडम्, ताराबाई. इतकी वर्षं पलीकडून गेलो."

ताराबाई तव्यावरचं परतायचं सोडून त्यांच्याकडे बघायला लागली. उलथनं हातातच राहिलं. मग म्हणाली, "केलं माफ. पन रुमाल लावून मांगितलेली माफी मी धरत नाई. हटवा तो."

काकांनी क्षणभर विचार केला आणि रुमाल खाली घेतला. तेवढ्यात वाऱ्याने तव्यावरचा धूर थेट त्यांच्या तोंडावर आणला: तेल, मिरची, करपलेला कांदा, अंडं.

काकांचे डोळे मोठे झाले. त्यांनी पुन्हा एकदा वास घेतला, मग आणखी एकदा, खोल.

"अवो ताराबाई," ते म्हणाले, "हा तं पाट्याचा वास हाय!"

आणि रुमाल खिशात घालून, डोळे मिटून, नेमधर्माचे हस्तीमलकाका अंडाभुर्जीच्या त्या धुरात दिवस बुडेपर्यंत उभे राहिले.